चौदा महिन्यांची सॅलरी स्लिप

रविवारी सकाळी भाऊजी जिना उतरून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, तेव्हाच मी ओळखलं की वाईटपणा घ्यायला पुन्हा माझीच निवड झाली आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. काही चांगलं घडलं की ते आधी आपल्या भावाला सांगतात आणि काही बिनसलं की माझ्याकडे येतात. चहाचे दोन घोट घेऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं की तिनं राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय, उद्या एक तारीख आहे, उद्या देणार म्हणते, तेव्हा वहिनी, तुम्ही एकदा बोलून बघा. उरलेला चहा त्यांनी उभ्या उभ्या संपवला आणि कप विसळून ठेवला. हा माणूस कप विसळतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

ती म्हणजे माझी जाऊ. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. आम्ही खाली राहतो, ती दोघं वर. धाकटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. ऐकायला एवढंच, पण तिच्या हातात जे आहे ते सगळ्यांना शिकून येत नाही. ज्या म्हाताऱ्यांच्या हातावर दुसऱ्यांना तीन-तीनदा टोचूनही शीर सापडत नाही, त्यांच्या दंडाला ती रबरी पट्टा बांधते, दोन बोटांनी चाचपते, नातवंडं किती म्हणून विचारते, आणि नातवंडं मोजून व्हायच्या आत नळी भरलेली असते. वॉर्डातले पेशंट ती सकाळची मुलगी कधी येणार म्हणून वाट बघतात. नोकरी कायमची, आणि पाच वर्षं पूर्ण व्हायला फक्त दोन महिने बाकी. त्याआधी सोडली तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावं लागणार. हे सगळं माझ्या जिभेवर असतं, कारण एका कारखान्यात बावीस वर्षं मी लोकांचे पगार काढते आहे. एखाद्याचं कसं चाललंय हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. त्याची स्लिप दाखवा, लगेच सांगते.

ही नोकरी सोडून ती जे पूर्णवेळ करणार होती, त्याला ती बिझनेस म्हणायची. प्रोटीन पावडरचे डबे, साबण, टूथपेस्ट, गुडघ्याला लावायचं कसलंसं तेल. आपण स्वतः माल घ्यायचा, मग दोन माणसं आपल्याखाली आणायची, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला. त्या बाजूंना हे लोक पाय म्हणतात. डाव्या पायाची खरेदी आणि उजव्या पायाची खरेदी यांची जोडी लागली की कंपनी आपल्याला कमिशन देते. दर महिन्याला स्वतःची खरेदी मात्र झालीच पाहिजे, खालच्यांची थोडीफार, धाकटीची साडेचार हजारांची, नाहीतर आपण यादीतून बाद. धाकटीला यात आणलं होतं एका डायमंडबाईंनी. डायमंड हे त्यांचं कंपनीतलं पद. खरं नाव मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

चौदा महिन्यांपूर्वी, अगदी पहिल्याच आठवड्यात, धाकटी कागद-पेन घेऊन माझ्याकडे आली होती. वर एक गोल काढला, त्यात 'तुम्ही' असं लिहिलं, खाली दोन गोल, त्यांच्याखाली चार. मी म्हटलं, दहाव्या ओळीपर्यंत हजाराच्या वर गोल होतील, आपल्या गल्लीतली मांजरं धरली तरी तेवढी भरती होणार नाही. त्या वेळी घरात माझा नवरा होता, भाऊजी होते, दोन शेजारणी बसल्या होत्या. सगळे पोट धरून हसले. धाकटीही हसली आणि कागदाची घडी करून वर निघून गेली. हिशेब माझा बरोबरच होता, पण तो चार माणसांत मांडायची काही गरज नव्हती. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या आईनं मला लहानपणीच सांगून ठेवलेलं आहे. त्यानंतर धाकटीनं बिझनेसचा विषय माझ्यासमोर पुन्हा काढला नाही आणि मीही उंटावरून शेळ्या हाकल्यासारखी खालूनच टोमणे मारत राहिले. तिच्या पलंगाखाली खोकी वाढत गेली, दर रविवारी ती निळा कोट घालून मीटिंगला जायला लागली, आणि मी नुसती बघत राहिले. ते आठवलं की मला माझाच राग येतो.

तर त्या रविवारी मी वर गेले. मीटिंग नव्हती, म्हणून धाकटी कोटाला इस्त्री करत होती. मला बघून तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि भाषण ऐकायच्या तयारीनं पलंगावर बसली. मी भाषण केलं नाही. मी म्हटलं, राजीनामा दे, नको कोण म्हणतंय, पण नवीन नोकरीची स्लिप तेवढी दाखव. ती म्हणाली, बिझनेसला स्लिप नसते. मी म्हटलं, मग आपण काढू, मला दुसरं येतं काय.

मला वाटलं होतं ती उडवून लावेल. पण तिनं निमूटपणे कपाटातून वही काढली. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाची वही ती. प्रत्येक गोष्टीपुढे तारीख, वेळ, कुणाला भेटले, किती वेळ बसले, रिक्षाला किती गेले. इतकी नीट वही माझ्या कारखान्यातल्या एकाही सुपरवायझरची नसेल. चौदा महिने तिनं सगळं टिपून ठेवलं होतं. फक्त बेरीज कुठेच नव्हती.

मी कागदावर उभी रेघ मारली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला वजा. जमेची बाजू तिनं मान ताठ ठेवून सांगितली. चौदा महिन्यांचं कमिशन एकतीस हजार चारशे. बाहेर विकलेल्या मालाचे बावीस हजार. मग मी वजा बाजूकडे आले आणि तिची स्वतःची खरेदी विचारली.

"ती खर्चात कशी धरता, ताई? साबण, पेस्ट आपण नाहीतरी आणतोच ना?"

मी म्हटलं, महिन्याला साडेचार हजारांच्या साबणात तुझं अख्खं हॉस्पिटल धुऊन निघेल. तिला हसू आलं, आणि मग तिनंच आकडा सांगितला. त्रेसष्ट हजार. मीटिंगची तिकिटं, जाणं-येणं, हॉलवरचं जेवण, निळा कोट, सगळं मिळून एकोणीस हजार सहाशे. मी लिहीत गेले. मग मी खालच्या माणसांची यादी मागितली, कारण कुणासाठी पदरमोड केली असेल तर तीही धरायला हवी. धाकटीनं फोन हातात घेतला, पण पुढे करेना. मी हात तसाच धरून ठेवला.

फोनवर गोल होते, तिनं काढलेल्या कागदासारखेच. उजव्या पायाला तिच्या वॉर्डातल्या मावशी आणि त्यांच्याखाली दोन बायका. डाव्या पायाला सगळ्यात वर माझं नाव होतं. संपूर्ण नाव, जन्मतारखेसकट. माझ्याखाली एका बाजूला भाऊजी आणि दुसऱ्या बाजूला मामंजी. आमच्या सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. कंपनीच्या दप्तरी मात्र ते मागच्या महिन्यापर्यंत प्रोटीन पावडर घेत होते, आणि वाढदिवसाला त्यांना 'तुमची खरी सुरुवात तर आता होते आहे' असा संदेशही आला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला विचारायचं तरी, असं काहीतरी मी बोलले, बऱ्याच मोठ्या आवाजात बोलले. धाकटीनं मान खाली घातली आणि सांगायला लागली. उजवीकडे मावशींचा पाय वाढत होता, पण डावीकडे कुणीच नव्हतं. दोन्ही पाय नसले तर जोडी लागत नाही आणि महिनाअखेरीला खरेदीचे पॉइंट वाया जातात. डायमंडबाई म्हणाल्या, घरच्यांची नावं घाल, सगळे तेच करतात, नंतर माणसं मिळाली की भरून निघेल. माणसं काही मिळाली नाहीत. मग आमच्या तिघांच्या नावावर ती थोडा थोडा माल घेत राहिली, स्वतःच्या पगारातून. एकूण एक्केचाळीस हजार.

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा हसला असता," ती म्हणाली.

मी म्हटलं, चुकलं माझं, त्या दिवशी हसायला नको होतं. चौदा महिने उशिरा म्हटलं, पण म्हटलं. तिनं नुसती मान हलवली आणि मग आठवल्यासारखं करून सांगितलं की माझ्या नावावर कंपनीत सहा हजार तीनशे जमा आहेत. भाऊजी आणि मामंजी माझे दोन पाय, त्यांची जोडी लागायची आणि कमिशन माझ्या खात्यावर पडायचं. तिनं त्याला हात लावला नव्हता, ते माझे आहेत म्हणून. पैसे काढता येत नाहीत, त्यांचा मालच घ्यावा लागतो, पण आहेत. या धंद्यात खरंच कुणी कमावतं का, असं मला हल्ली ऑफिसातल्या मुली विचारतात. मी सांगते, आमच्या घरात एकीनं कमावले. एक पैसा घातला नाही, एक मीटिंग केली नाही, वर टोमणे मारले, आणि ती मी.

बेरीज धाकटीनंच केली. वजा एक लाख तेवीस हजार सहाशे. जमा त्रेपन्न हजार चारशे. हातात उणे सत्तर हजार दोनशे. माझ्या स्लिपमध्ये तासही असतात, म्हणून वहीतले तासही मोजले. संध्याकाळच्या भेटी आणि रविवार धरून सहाशे साठ. तिनं फोनवर भागाकार केला आणि फोन पालथा ठेवला. तासाला एकशे सहा या दरानं तिनंच कंपनीला मजुरी दिली होती. मी आजवर हजारो स्लिपा काढल्या, पण कामगारानं मालकाला पगार दिलेला पहिल्यांदाच बघितला. हे मी मनात म्हटलं. सगळं तोंडानं बोलायचं नसतं, एवढं त्या दुपारपुरतं मला जमलं.

"मला माहीत होतं," धाकटी हळूच म्हणाली. "म्हणजे इतके नव्हते माहीत. पण आहे हे माहीत होतं."

मग राजीनामा कशाला, असं विचारल्यावर तिला रडू फुटलं. मला वाटलं होतं तिचे डोळे फिरलेत, तिला गाडी हवी आहे, स्टेजवर मिरवायचं आहे. थोडंफार तेही असेल, कुणाला नको असतं. पण खरं कारण मावशी होत्या. धाकटीनं त्यांना भरीस पाडून बारा हजार भरायला लावले होते आणि मावशींनी आपल्याखाली आणखी दोघींना आणलं होतं. आता धाकटी थांबली तर त्या तिघी उघड्यावर पडणार. डायमंडबाईंनी सांगितलं होतं की नोकरी सोड, सहा महिने पूर्णवेळ दे, खालचे सगळे आपोआप वर येतील. धाकटीला पैसे नकोच होते. तिला त्या तिघींचे पैसे निघालेले बघायचे होते, आणि त्यासाठी ती कायमची नोकरी द्यायला निघाली होती. माझं कोरडं मन त्या वेळी भरून आलं. इतक्या भल्या माणसाला इतकं खुळं कुणी करून ठेवलं, असं वाटलं.

मी तिला डोळे पुसू दिले आणि पगार काढणाऱ्या बाईला सुचतो तो एकच प्रश्न विचारला. मावशींना पैसे मिळायचे ते येणार कुठून? ती म्हणाली, त्यांच्याखालच्या दोघींकडून. त्या दोघींना? त्यांच्याखालच्यांकडून. त्यांच्याखाली कोण आहे? धाकटीनं फोनवरचे गोल बोटानं तळापर्यंत सरकवले.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं आणि कपाटातून पाकीट काढलं. उद्याच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेले साडेचार हजार होते त्यात. बारा हजारांतले एवढे आज, बाकीचे दोन पगारांत, असं तिनंच ठरवलं. आणि हे आजच करायला हवं होतं, कारण मावशी उद्या तीस हजारांचं मोठं पॅकेज घेणार होत्या. मी चपला घातल्या नाहीत हे बघून ती जिन्यातून मागे आली.

"ताई, तुम्हीही चला. मी एकटी गेले तर त्यांना पुन्हा मीटिंगला घेऊन येईन."

मावशींची खोली हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. एकच खोली, पण भांड्यांपासून पायपुसण्यापर्यंत वॉर्डासारखी लखलखीत. मुलगी क्लासला गेली होती. दारामागे खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक निळा कोट टांगलेला होता. मावशींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि धाकटी पाकीट पुढे करून बोलायला लागली की कंपनीत काही खरं नाही, उद्याचे तीस हजार भरू नका, हे तुमचे थोडे परत घ्या. मावशींनी ऐकून घेतलं. पाकिटाला हात लावला नाही. मग त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि धाकटीला म्हणाल्या,

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं, वर जायची वेळ आली की घरचे लोक पाय ओढतात."

धाकटीचंच वाक्य होतं ते. मावशी आवाज न चढवता बोलत राहिल्या. वर्षभर आम्ही साबण विकले, दारोदार तोंड वाजवलं, आणि आता फळ यायची वेळ आली तर आम्हाला साडेचार हजार देऊन बाजूला करता का? आमच्या जागी दुसऱ्या कुणाला घेताय? ते तीस हजार मुलीच्या कोर्सच्या फीचे होते आणि फीची तारीख पुढच्या महिन्यात होती.

"तुम्ही नोकरी सोडताय, म्हणून मी ते पैसे काढले," मावशी म्हणाल्या. "एवढी पक्की नोकरी कुणी उगाच सोडतं का?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. स्लिप माझ्या पर्समध्ये होती, जमा, वजा, तास, सगळं. पण धाकटीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हा हिशेब कागदावर दाखवून पटणारा नव्हता, हे तिला माझ्याआधी कळलं. चौदा महिन्यांत तिला शंभर जणांनी विचारलं असेल, तू स्वतः कमावतेस का? दर वेळी तिनं हसून दुसरंच काहीतरी सांगितलं होतं, डायमंडबाईंचं घर, कुणाची तरी गाडी. आता ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मावशी, मी कमवत नाही. एकाही महिन्यात कमावले नाहीत."

"मग तो चेक? मीटिंगमध्ये स्टेजवर तुम्हाला दिलेला?"

"तो पुठ्ठ्याचा होता. त्यावर होते त्याच्या चौपट मी आधी भरले होते."

"तेव्हा बोलला नाहीत."

"नाही बोलले. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मला लाज वाटली."

मावशी उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार, आणि काढलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता. तिथूनच त्यांनी विचारलं, राजीनाम्याचं काय? धाकटीनं पर्समधून तो लिफाफा काढला आणि त्यांच्या समोरच फाडला. उद्या सकाळी सात वाजता लॅबमध्ये आहे, रोजच्यासारखी, असं म्हणाली. मावशींनी येऊन पाकीट उचललं, नोटा मोजल्या, आणि गादीखालून एक जुनी पिशवी काढून ते पाकीट तिच्यात तीस हजारांच्या शेजारी ठेवलं. आभार वगैरे मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याखाली दोघी आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातली एक माझी सख्खी बहीण आहे. तिनं नवऱ्याला न सांगता भरलेत. तिला मी काय तोंड दाखवू?"

धाकटीनं विचारलं, लांब राहते का. मावशी म्हणाल्या, दोन गल्ल्या सोडून. धाकटी उठली. मावशींनी कुलूप शोधलं. मी चपला घालून दोघींच्या मागून चालायला लागले. रस्त्यात धाकटीचा हात मावशींच्या कोपराला धरून होता, पेशंटला खुर्चीकडे नेतात तसा.

बहिणीनं दार उघडलं आणि मावशींना बघून तिचा चेहरा फुलला. उद्याच्या पॅकेजचं पक्कं झालं का, असं काहीसं ती विचारत होती. मावशींनी मागे वळून धाकटीकडे बघितलं. धाकटी पुढे झाली, उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी कमवत नाही," ती म्हणाली. "आधी एवढं ऐकून घ्या. आत बोलवायचं की नाही, ते मग ठरवा."